फाळणीच्या बाजूने पाच मिनिटं : सोलापूर आणि नळदुर्ग

निमित्त भाचीच्या वादविवाद स्पर्धेचं. तिच्या आईला रजा नाही, वडील दौऱ्यावर आणि मामा बँकेतून नुकताच निवृत्त, म्हणजे घरच्यांच्या हिशेबाने रिकामाच. स्पर्धा सोलापूरच्या एका कॉलेजात, १२ जानेवारीला. विषय असा : 'एकाच भूमीवर दोन धर्मसमूह हक्क सांगत असतील, तर फाळणी हाच शहाणपणाचा मार्ग.' चिठ्ठ्या आधीच काढलेल्या होत्या आणि सईला 'बाजूने' आलं होतं. त्यावरून महिनाभर घरात आदळआपट चालली होती. मी म्हटलं, दोन दिवस आधी निघू. नळदुर्ग बघू, हुरडा खाऊ. हुरड्याचं नाव काढल्यावर ती तयार झाली.

पहिला दिवस (१० जानेवारी) : हुतात्मा एक्सप्रेस

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा धरली. सईने दौंड यायच्या आत कागद पसरले. आयर्लंडचा नकाशा, पॅलेस्टाईनचा नकाशा, पंजाबचा नकाशा. तिची मांडणी साधी होती : जिथे भांडण मिटत नाही तिथे भिंत घालावी, निदान माणसं जिवंत राहतात. मी विचारलं, "पंजाबात राहिली का?" तिने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. मी तसा तिच्या विरुद्ध पक्षाचाच होतो.

समोरच्या बाकावर सोलापूरच्या एक काकू होत्या. कुर्डुवाडीच्या अलीकडे त्यांनी डबा उघडला : कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. आम्ही नको नको म्हणेपर्यंत भाकरीचा तुकडा हातात आला होता. कडक भाकरी मोडताना पापडासारखा आवाज येतो आणि अर्धी चटणी मांडीवर सांडते. मग काकूंनी विचारलं, "काय वाचायलीस गं पोरी?"

"फाळणीवर बोलायचंय. बाजूने."

"म्हणजे वाटणी म्हण की! आमच्यात झाली ना. तीन दीरांची. शेत मोजून वाटलं, घरात भिंती घातल्या, भांडीसुद्धा वाटली. विहीर कशी वाटायची? मग पाळी लावली. दोन दोन दिवसांची." थोडं थांबून म्हणाल्या, "भांडणं सगळी त्या पाळीवरूनच हायत आजून."

सई हसली. मला मात्र ती विहीर सोडेना. १ एप्रिल १९४८ ला पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचं पाणी बंद केलं होतं. रेघ ओढून आठ महिनेही झाले नव्हते. शेत तिकडे गेलं, पाण्याचं तोंड इकडे राहिलं. सिंधूच्या पाण्याचा करार व्हायला १९६० साल उजाडलं. हे मी सईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, तू विरोधी संघाचा आहेस, लांब बस."

दहाच्या सुमारास सोलापूर. स्टेशनजवळच्या लॉजवर गरम पाणी सकाळी सहा ते आठ येईल असं सांगितलं, आणि ते पावणेआठला आलं. या दिवसांत कुणी येणार असेल तर खोली आधी सांगून ठेवा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर असते, ऐन वेळी जागा मिळत नाही.

दुसरा दिवस (११ जानेवारी) : नळदुर्ग

सकाळची एसटी. हैदराबादच्या रस्त्याने तासाभराचा प्रवास. बोरामणी मागे पडलं की थोड्या वेळात इटकळ येतं आणि मध्येच कुठेतरी सोलापूर जिल्हा संपून धाराशिव जिल्हा सुरू होतो. दोन्हीकडे तीच ज्वारी, तीच बाभळ. कंडक्टरला विचारलं, हद्द नेमकी कुठे? तो म्हणाला, "पाटी हाय की. गेली बघा मागं."

१९४८ पर्यंत इथे निजामाच्या हैदराबाद संस्थानची सरहद्द होती. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, नळदुर्ग आणि तुळजापूर निजामाकडे. पलीकडे नाणं वेगळं आणि माल न्यायचा तर करोडगिरी नाक्यावर जकात. तुळजाभवानी सोलापूरकरांच्या घरची देवी, पण पंचेचाळीस किलोमीटरवर तिच्या दर्शनाला जायचं म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणं.

किल्ला प्रचंड आहे. तिकीट काढून आत गेलं की तीन तास सहज जातात. पाणी आणि टोपी घेऊन जा, सावली फार कमी. बोरी नदी वळवून आणून अडवलेली आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल बांधलाय, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. जानेवारीत दोन्ही कोरडे. धबधबा बघायला आलेलं एक कुटुंब यूट्यूबवाल्याला शिव्या घालत परत निघालं होतं. आम्ही महालात उतरलो. बाहेर ऊन चढलेलं आणि आत दगड गार. झरोक्यातून पाण्यावरचं ऊन छतावर हलत होतं. सईने पहिल्यांदा कागद पिशवीत टाकले आणि भिंतीला पाठ लावून बसली.

तिथे बसून मी तिला या भागाची एक गंमत सांगितली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही कंपनीच्या हवाली केला, फौजेच्या खर्चापोटी. सत्तावन्नच्या बंडात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला म्हणून १८६० मध्ये हा मुलूख त्याला परत बक्षीस मिळाला. सात वर्षांत दोनदा मालक बदलला.

"आणि लोकांना कुणी विचारलं नाही?"

"विचारायची पद्धत नव्हती."

"मग १९४७ ला विचारलं?"

सिल्हेटमध्ये आणि वायव्य सरहद्द प्रांतात विचारलं, मी म्हटलं. पंजाबात आणि बंगालात आमदारांनी मतं दिली, तीही त्या काळच्या मर्यादित मताधिकारावर निवडून आलेल्या. रेघ कुठून जाणार हे ठरवणारे रॅडक्लिफ साहेब ८ जुलैला पहिल्यांदा हिंदुस्थानात उतरले, आणि निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला. म्हणजे स्वातंत्र्य आधी मिळालं आणि आपण कोणत्या देशात स्वतंत्र झालो ते दोन दिवसांनी कळलं. सईने हे लिहून घेतलं. कशासाठी ते विचारलं नाही, कारण तिच्या बाजूला ते उपयोगाचं नव्हतं.

उपळी बुरुजावर चढाच, गुडघे कुरकुरले तरी. वर लांबलचक तोफा आहेत आणि सोलापूरच्या बाजूचा सगळा मुलूख दिसतो. हैदराबाद संस्थान भारतात आणायला निघालेल्या भारतीय फौजेची मुख्य तुकडी त्याच बाजूने आली. १३ सप्टेंबर १९४८ ची पहाट. पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी ताब्यात घेणं महत्त्वाचं होतं आणि तो शाबूत हाती आला. त्याच दिवशी इथे शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग मारले गेले. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, पहिल्यावहिल्या मानकऱ्यांतले ते एक. आम्ही येताना एसटीतून बोरी ओलांडली तेव्हा मी झोपलेलो होतो.

किल्ल्यातून बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर दोन आजोबा एकाच बाकड्यावर बसलेले भेटले. एक फेटेवाले, एक गोल टोपीवाले, दोघेही पंच्याऐंशीच्या पुढचे. सईने धीर करून विचारलं, की मुक्तिसंग्राम आठवतो का?

"आठवतो की," फेटेवाले म्हणाले. "नऊ वर्साचा होतो. रझाकाराच्या भ्यानं आमी उन्हाळ्यातच सोलापूरला मावशीकडं गेलो. ज्वारी पेवातच ऱ्हायली. फौज आली तवा परत आलो."

टोपीवाले चहा ढवळत होते. "मुक्तिसंग्राम सरकारी नाम है. हमारे घर में पुलीस ॲक्शन बोलते."

"बरं बाबा, पुलीस ॲक्शन."

मग सईने विचारू नये ते विचारलं : त्यानंतर तुमच्याकडे काय झालं? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मराठीत म्हणाले, "आठ दिवस एका घराच्या माळ्यावर होतो. कडबा वर टाकलेला. लपवलं तेही गावातल्यांनी आणि लुटलं तेही गावातल्यांनीच. नावं नकोत. हे तेव्हा सोलापुरात होते," त्यांनी फेटेवाल्यांकडे बोट केलं, "यांचं काही नाही त्यात." फेटेवाल्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत राहिले.

रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या, काळात गावं लुटली गेली, जाळली गेली, हे मराठवाड्यात घरोघर सांगतात आणि ते खरं आहे. फौज आल्यानंतर जे झालं ते कमी सांगितलं जातं. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे हाच जिल्हा, होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. बाकड्यावर मी हे काही बोललो नाही. तिथे बोलायची गरजही नव्हती.

उठताना फेटेवाल्यांनी चंचीतून एक रुपया काढून सईच्या तळहातावर ठेवला. चांदीचा, कडा झिजलेली, मध्ये चारमिनार. "हाली शिक्का. सात हाली दिले की सहा कलदार, म्हंजी इंग्रजी रुपये, मिळायचे." सईने तो उन्हात धरला. चारमिनारच्या कमानीत एक बारीक उर्दू अक्षर होतं. "ऐन," टोपीवाले लगेच म्हणाले, "उस्मान का ऐन." म्हणजे निजाम उस्मान अलीच्या नावाचं पहिलं अक्षर. फेटेवाले म्हणाले, एवढी वर्षं रुपया माझ्याकडं हाय, ते अक्षर हाय हे मला ठावंच नव्हतं. मग दोघांचं त्यावरून जुंपलं. टोपीवाल्यांचं म्हणणं, हे मी याला पन्नास वेळा सांगितलंय.

परतताना रस्त्यालगतच्या एका शेतात हुरडा. गुळभेंडीची कणसं आगटीत भाजून, हातावर चोळून, गरम गरम दाणे पत्रावळीत. सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही. पोट भरलं तरी हात थांबत नाही, याची तयारी ठेवून जा. शेतकऱ्याने पैसे माणशी घेतले, खाल्लं त्यावर नाही, हे त्याच्या दृष्टीने चुकलंच.

रात्री लॉजवर सई लॅपटॉप घेऊन बसली होती. अकराला तिने मला उठवलं. "मामा, तारीख बघ." निजाम आणि भारत सरकार यांचा जैसे थे करार : २९ नोव्हेंबर १९४७. संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव, ३३ विरुद्ध १३ मतांनी : २९ नोव्हेंबर १९४७. आणि हैदराबादच्या फौजेने हार मानली तो १७ सप्टेंबर १९४८. त्याच दिवशी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा खून झाला. निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही, असं मी म्हटलं आणि झोपायचा प्रयत्न केला. झोप लागली नाही.

कारण पॅलेस्टाईनच्या त्या ठरावावर भारताचं मत विरोधात होतं. स्वतःची फाळणी होऊन साडेतीन महिने झालेले. त्याआधी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी एकच संघराज्य करा असं सुचवलं होतं. बहुमताने मंजूर झालेल्या योजनेतसुद्धा देश दोन, पण अर्थव्यवस्था सामायिक असं कलम होतं. म्हणजे शेत वाटलं आणि विहिरीला पाळी. ती पाळी कधी लागलीच नाही.

आणि हैदराबाद? तिथे मागणी फाळणीचीही नव्हती, स्वतंत्र राहण्याची होती. राजा मुसलमान, पाचांत चाराहून जास्त प्रजा हिंदू, भोवती सगळा भारत. स्वातंत्र्य म्हणजे कुणाचं, राजाचं की प्रजेचं, हा वाद इथे होता. सईच्या विषयात या तिसऱ्या वाटेला जागाच नव्हती.

तिसरा दिवस (१२ जानेवारी) : चार पुतळे आणि स्पर्धा

सकाळी रिक्षावाल्याला पार्क चौकाकडे घ्यायला सांगितलं. "चार पुतळ्याला का? आज हाराची गर्दी हाय ओ." गर्दी होती. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० ला सोलापुरात गोळीबार झाला, मग तीन-चार दिवस शहरावर इंग्रजांचा हुकूम चालला नाही, आणि १२ मेला मार्शल लॉ लागला. फाशी गेले त्यांतले कुर्बान हुसेन विशीतले, 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. शाळेची मुलं रांगेने येऊन फुलं वाहत होती आणि बाई चारही नावं त्यांच्याकडून पाठ म्हणून घेत होत्या. तिसऱ्या नावावर सगळी अडकत होती.

सई म्हणाली, "हे माझ्या विरुद्ध पक्षाला फुकटात मिळणार." मिळालंच. पहिल्या तीन विरोधी वक्त्यांनी चार पुतळ्यांनीच सुरुवात केली. चौथ्याच्या वेळी परीक्षकांतल्या एक बाई पाणी प्यायल्या.

स्पर्धेचे नियम नेहमीचे, पाच अधिक दोन. पाच मिनिटं मांडणी, दोन मिनिटं खंडन, आणि मध्ये टेबलावरची घंटा. चांगला बोलला तो अक्कलकोटकडचा एक बारीकसा मुलगा. त्याने पुतळ्यांना हात लावला नाही. तो ग्रीस-तुर्कस्तानवर गेला. १९२३ च्या लोझानच्या कराराने धर्मावरून लोकांची अदलाबदल झाली. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती ग्रीसला, चार लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानला. ग्रीसला पाठवलेल्यांत असे ख्रिस्ती होते ज्यांना ग्रीक येत नव्हतं, घरात तुर्की बोलायचे. क्रीट बेटावरून तुर्कस्तानला गेलेल्या मुसलमानांना तुर्की येत नव्हतं. मग त्याने सभागृहाकडे बघून विचारलं, "या शहरात मी घरी कन्नड बोलतो, माझा मित्र तेलुगू बोलतो, पलीकडे उर्दू. वाटणी करायची झाली तर सोलापूरची कशावरून करणार?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मग आठवलं मी कुणाचा मामा आहे.

सईची सुरुवात घाईत गेली. आयर्लंडवर ती आली तेव्हा मला वाटलं आता पडते. अल्स्टरचे नऊ परगणे, त्यांतले सहाच वेगळे काढले, कारण नऊ घेतले असते तर प्रोटेस्टंटांचं बहुमत काठावर आलं असतं. त्या सहांतही फर्मानॅ आणि टायरोनमध्ये कॅथलिकच जास्त होते. हे तिच्या बाजूचं नाही, विरुद्ध बाजूचं आहे! पण तिने ते मुद्दाम घेतलं होतं. म्हणाली, फाळणी वाईट झाली ती अशी झाली म्हणून. रेघ कुठे काढायची, पाणी कुणाचं, मागे राहिलेल्यांचं काय, हे आधी ठरवून जर कुणी फाळणी करेल तर मी तिच्या बाजूने आहे. "तशी अजून कुणी केलेली नाही," एवढं म्हणेपर्यंत घंटा वाजली.

खंडनात अक्कलकोटच्या मुलाने विचारलं, मग तुम्ही बाजूने आहात का? ती म्हणाली, "चिठ्ठीत तसं आलंय." हशा पिकला. परीक्षक बाई हसल्या नाहीत. निकालाच्या वेळी त्या म्हणाल्या की क्रमांक सातच्या वक्त्याने विषयाच्या बाजूने बोलता बोलता विषयच बदलला, तेवढे गुण कापले आहेत. सईला उत्तेजनार्थ. प्रमाणपत्र आणि सोलापुरी टॉवेल. अक्कलकोटचा पहिला आला, त्याला चादर.

संध्याकाळी टॉवेलची चौकशी म्हणून एका यंत्रमागाच्या कारखान्यात डोकावलो. मालक तेलुगू भाषक, आजोबा तेलंगणातून आलेले. म्हणजे निजामाच्या राज्यातूनच, पण ते विणकाम शोधत आले, कुणाच्या भीतीने नाही. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागत होतं. त्यांनी सईचा टॉवेल हातात घेतला, उलटा केला, काठ बोटाने चोळला आणि म्हणाले, "आमचा नाही हा. पण बरा आहे." घ्यायचा तर कारखान्यालगतच्या दुकानातून घ्या, वजन हातात धरून बघा.

चौथा दिवस (१३ जानेवारी) : भोगी

खरं तर सकाळीच निघायचं होतं, पण लॉजवाल्याने ऐकलं नाही. "यण्णीमज्जन न बघता जाता?" म्हणून उत्तर कसब्यात जाऊन उभे राहिलो. बाराबंदी घातलेली माणसं उंचच उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात पेलून चालत होती. सात काठ्या एकामागून एक. वारा आला की वरचं टोक झुकतं आणि खालच्या माणसाच्या मानेच्या शिरा ताठतात. 'बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा गजर झाला की सगळा बोळ घुमायचा. सिद्धेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करत ही मिरवणूक शहरभर फिरते. चप्पल बूट जपा, मी डाव्या पायाचा बूट जवळजवळ घालवला होता. गर्दीत पाणी वाटणारी पोरं होती. सईने दोन ग्लास प्यायल्यावर विचारलं, कुठल्या मंडळाची रे? "मंडळ कुठलं, गल्लीतलेच."

जेवण एका घरगुती खानावळीत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोण्याचा गोळा. वाढणाऱ्या मावशींनी तिसरी भाकरी न विचारता टाकली.

दुपारची इंद्रायणी. स्टेशनला जाताना अर्धा किलो शेंगाची चटणी घेतली. दुकानदार आमच्याशी मराठीत, पुढच्या बाईंशी कन्नडमध्ये आणि आतल्या पोऱ्याशी तेलुगूत बोलत होता. चटणी दुहेरी पिशवीत मागून घ्या, तेल सुटतं. आम्ही मागितली नाही.

पुढच्या महिन्यात नाशिकला हाच विषय आहे. सईने मोहोळ यायच्या आत कागद काढले. यावेळी चिठ्ठीत 'विरोधात' आलंय. चटणीचं तेल पिशवीतून झिरपून सगळ्या नकाशांवर पसरलं होतं. आयर्लंडची सहा परगण्यांची रेघ पार पुसट झाली होती आणि पंजाबातल्या नद्या मात्र स्वच्छ दिसत होत्या. तिने कागद खिडकीपाशी सुकत ठेवले, वरून तो टॉवेल टाकला आणि मला विचारलं, "त्या काकूंची विहीर वापरली तर चालेल का रे?"